‘त्रासापोटी’ : निष्काळजीपणा, मनस्ताप आणि निकालपत्रांची मराठी

जिल्हा ग्राहक आयोगांची मराठी निकालपत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना शेवटचे पान न वाचताही सांगता येते. ‘तक्रार अंशतः मंजूर’ या शब्दांनी आदेश सुरू होतो. आधी मूळ रक्कम आणि तिच्यावरचे व्याज येते. मग ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी’ काही हजार, ‘तक्रारीच्या खर्चापोटी’ त्याहून थोडे कमी, आणि शेवटी रक्कम किती दिवसांत द्यायची याची मुदत. तक्रार उगवण न झालेल्या सोयाबीनच्या बियाण्याची असो, विमा उतरवलेल्या बैलाची असो, नाही तर बंद पडलेल्या मोबाइलची. हे वाक्य बदलत नाही. बदलतो तो फक्त आकडा, आणि तोही फारसा नाही.

मी वकील नाही. देवणीत आणि उदगीरच्या बाजूला मी तीस वर्षे मराठी शिकवली. तेव्हा ही निकालपत्रे मी कायदा म्हणून वाचली नाहीत, मराठी गद्य म्हणून वाचली. गद्य म्हणून ती वाईट नाहीत. घटनाक्रम सांगताना ती चांगली बोलतात. शेतकऱ्याने बियाण्याची पिशवी कोणत्या तारखेला घेतली, पेरणी कधी केली, पंचनाम्याला कोण आले, हे सारे नेमके आणि सरळ सांगितलेले असते. भाषा अडखळते ती माणसाच्या मनाशी आल्यावर. तिथे तिला एकच समास सापडतो, आणि त्यालाही ‘व’ लावून शरीर जोडून द्यावे लागते.

‘पोटी’ हा शब्द मला फार दिवस खुपत होता. तो ‘च्या बदल्यात, च्या खात्यावर’ अशा अर्थाने येतो, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. भाड्यापोटी, कर्जापोटी, थकबाकीपोटी. त्याच्याआधी येणारी गोष्ट मोजलेली असावी लागते. भाडे ठरलेले असते, कर्जाचा कागद असतो. त्रास मात्र मोजलेला नसतो. तो मोजायचा कसा, याविषयी निकालपत्रात अवाक्षर नसते. तरी ‘पोटी’ म्हटल्यामुळे तो मोजून झाला असा भास होतो. या लेखात मला म्हणायचे आहे ते एवढेच, की आपल्याकडे निष्काळजीपणामुळे झालेला मनस्ताप कायद्याला दिसतो तो दुसऱ्या कुठल्या तरी नुकसानीचे शेपूट म्हणून; आणि निकालपत्रांची मराठी ही अडचण सांगण्याऐवजी झाकते.

या वाचनाला कारण घरातले होते. २०२२ च्या वैशाखात आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, पोटाचे दुखणे वाढले. वय चौऱ्याहत्तर. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढे पाठवले, तिथे दुर्बिणीतून तुकडा काढला आणि तो एका तपासणी केंद्राकडे गेला. कागद आला तो कर्करोगाचा. अकरा दिवसांनी दुसरा कागद आला. पहिला चुकीचा होता. त्याच नावाच्या दुसऱ्या एका बाईंचा अहवाल आमच्याकडे आला होता आणि आत्याबाईंचा त्यांच्याकडे. आत्याबाईंच्या पोटात साधी जखम होती, ती गोळ्यांनी बरी झाली. त्या दुसऱ्या बाईंनी ते अकरा दिवस निर्धास्त काढले असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या अकरा दिवसांत आमच्या घरात काय झाले? आत्याबाईंनी बोरमाळ नातीच्या हातात ठेवली. जेवण जवळजवळ सोडले. रात्री उठून कणग्यांवर हात फिरवून यायच्या. आणि उपचाराला पैसे लागतील म्हणून त्यांनी लेकाला सांगून गाय विकायला लावली. देवणी गाय, वानेरी, म्हणजे अंग पांढरे आणि तोंड काळे, दुसऱ्या वेताची. घाईची विक्री होती, किंमत पडून आली.

उदगीरच्या एका वकिलांकडे मी गेले तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “बाई, मृत्यू नाही, ऑपरेशन नाही, चुकीचं औषध पोटात गेलं नाही. मग नुकसान काय दाखवायचं?” मी अकरा दिवसांचे पुन्हा सांगितले. ते मान हलवत राहिले. बोलता बोलता गायीचा उल्लेख आला, तसे ते सरसावून बसले. “गाय विकली? पावती आहे?”

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कायदा त्यांनी घडवलेला नाही, आणि तो कसा घडला हे पाहिले की त्यांचा प्रश्न सरळच वाटतो.

१८५५ साली, इंग्लंडच्या १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर, ब्रिटिश हिंदुस्थानात घातक अपघातांविषयीचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याची पत्नी किंवा पती, आईबाप आणि मुले यांना दावा लावता येऊ लागला. पण न्यायालयांनी त्याचा अर्थ लावला तो पैशाच्या नुकसानीपुरता. गेलेला माणूस किती मिळवत होता, आणखी किती वर्षे मिळवता, घरात किती देता. त्याच्या जाण्याचे दुःख हिशोबाबाहेर. इंग्लंडने ही चूक १९८२ मध्ये थोडी दुरुस्त केली आणि शोकासाठी म्हणून साडेतीन हजार पौंडांची ठराविक रक्कम ठेवली. आपल्याकडे मोटार अपघातांच्या दाव्यांत असे घडत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी जोडीदाराच्या सहवासाच्या हानीसाठी चाळीस हजार रुपये ठरवून दिले आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ सांगितली. पुढच्याच वर्षी आईबाप आणि मुले यांच्या सहवासाचीही त्यात भर पडली. ठराविक रकमेत एक प्रामाणिकपणा आहे. ती दुःख मोजल्याचा आव आणत नाही.

गंमत अशी, की फौजदारी कायद्याला मन पहिल्यापासून ठाऊक होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४४ व्या कलमात ‘इजा’ची व्याख्या करताना शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता असे चार शब्द एका ओळीत ठेवले होते. मन दुसऱ्या क्रमांकावर, मालमत्ता शेवटी. दिवाणी बाजूला हा क्रम नेमका उलटा पडला. १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नकडचा एक खटला आला. रेल्वेच्या फाटकवाल्याने चुकून फाटक उघडले, नवरा-बायकोची घोडागाडी रुळांवर गेली आणि आगगाडी अगदी जवळून निघून गेली. धडक झाली नाही. बाई बेशुद्ध पडली, आजारी झाली, तिचा गर्भ गेला. कौन्सिलने भरपाई नाकारली. अंगाला काही लागलेले नसताना नुसत्या भीतीचे पैसे दिले, तर खोट्या दाव्यांना रान मोकळे होईल, असा एकूण सूर. पुढे १९०१ पासून इंग्लंडच्या न्यायालयांनी हा नियम सोडला; परंतु खोट्या दाव्यांची धास्ती काही गेली नाही. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर गर्दीत चेंगरून शंभराच्या आसपास माणसे दगावली. नातलगांचे दावे दोन वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आले. लॉर्डांनी अटी घातल्या: धक्का एकाएकी बसलेला हवा, घटना किंवा तिची लगेचची अवस्था स्वतः अनुभवलेली हवी, आणि मृताशी घट्ट मायेचे नाते हवे. ज्याचे दोन भाऊ त्या गर्दीत गेले, तो स्वतः मैदानावर हजर होता. तरी त्याचा दावा टिकला नाही, कारण भावांवर माया होती याचा पुरावा त्याने दिला नव्हता. भावाभावांतली माया कागदावर दाखवायची, हे आपल्याकडच्या कुठल्याही पारावर सांगून पाहावे!

आता मराठवाड्याकडे येते. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा २० फेब्रुवारी १९९६ चा निकाल वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. तो आपल्या औरंगाबादचा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. खोडवांच्या पत्नी १० जुलै १९६३ रोजी तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल झाल्या. १३ तारखेला त्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोटात असह्य कळा येऊ लागल्या. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेले कापड सापडले. २४ जुलैला त्या गेल्या. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने साडेबत्तीस वर्षांनी मूळ निकाल पुन्हा उभा केला.

कायद्याच्या दृष्टीने निकाल मोठा आहे. पोटात कापड राहणे ही गोष्टच निष्काळजीपणा सांगते, नेमका कोणाचा हात चुकला हे नवऱ्याने सिद्ध करत बसायचे नाही, आणि रुग्णालय चालवणे हे काही राजसत्तेचे असे काम नव्हे की सरकारला हात झटकता यावेत, हे त्याने स्वच्छ सांगितले. या तिन्ही गोष्टी आजही खेड्यातल्या माणसाच्या उपयोगाच्या आहेत. पण वाचक म्हणून मी अडले ती तारखांपाशी. १३ ते २४ जुलै हे दिवस निकालात वैद्यकीय नोंदींसारखे येतात: ताप, दुखणे, दुसरी शस्त्रक्रिया, मृत्यू. त्याच दिवसांत एक नवरा घरी नवजात मूल असताना दवाखान्याच्या फेऱ्या मारत होता. त्याचे दुःख हा त्या वादाचा मुद्दाच नव्हता. दोष न्यायमूर्तींचा नव्हे. मागितलेलेच नसेल तर देणार काय, आणि जे कायद्यात बसत नाही ते मागणार कोण?

याच सुमाराला दुसरीकडे एक खिडकी उघडत होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निष्काळजीपणामुळे झालेल्या ‘नुकसान किंवा इजे’ची भरपाई देण्याचा अधिकार जिल्हा मंचांना दिला. ५ नोव्हेंबर १९९३ रोजी, लखनौच्या विकास प्राधिकरणाने घर वेळेत न दिल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा अर्थ ऐसपैस केला. तीत शारीरिक, मानसिक, इतकेच काय भावनिक यातनाही येतात, असे म्हटले; आणि मनस्तापाचे दहा हजार रुपये संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. ती तारीख वाचताना मी थांबले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता, त्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे लोटले होते. लातूर जिल्ह्यात गावेच्या गावे अंगणात झोपत होती, ज्यांचे घर धड होते तेही. त्या धसक्याचा दावा कोणावर लावायचा? भूकंपाला समन्स निघत नाही. निष्काळजीपणाचा कायदा चालायला समोर कोणी तरी माणूस लागतो, ज्याने काळजी घ्यायची होती आणि घेतली नाही. ही अट योग्यच आहे, आणि आत्याबाईंच्या बाबतीत ती पुरी होत होती.

१९९५ मध्ये डॉक्टरांची सेवाही ग्राहक कायद्याखाली आली. मग २५ मार्च १९९८ चा स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा निकाल आला. नोएडातल्या त्या रुग्णालयात चुकीच्या इंजेक्शनने एक लहान मुलगा कायमचा निपचित झाला. राष्ट्रीय आयोगाने मुलाला साडेबारा लाख दिले आणि आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या मानसिक यातनांसाठी वेगळे पाच लाख. आईवडील ग्राहकच नाहीत, हा रुग्णालयाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. माझ्या वाचनात आलेला हा सर्वांत माणुसकीचा निकाल. आईबापांचे दुःख मुलाच्या शरीरापासून सोडवून त्याला स्वतःचे कलम आणि स्वतःचा आकडा दिला. असे असले तरी तिथेही शेवटी एक शरीर होतेच.

याच्या उलट २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याकडे पाहावे. सदोष वस्तूंच्या प्रकरणापुरती त्यात ‘हानी’ची व्याख्या दिली आहे. तीत मानसिक यातना आणि भावनिक क्लेश हे शब्द प्रथमच ठळकपणे आले. वाचून आनंद झाला, तो पुढच्या शब्दांपर्यंत टिकला: वैयक्तिक इजा, आजार किंवा मालमत्तेचे नुकसान यांच्या अनुषंगाने आलेले क्लेश. म्हणजे पुन्हा शेपूटच. फरक इतकाच, की आता ते कायद्यात छापून आले.

जिल्ह्याच्या निकालपत्रांविषयी माझी तक्रार मात्र कायद्याच्याही पुढची आहे. २००४ मध्ये गाझियाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की सगळ्यांना एकाच मापाने भरपाई देऊ नका. प्रत्येक प्रकरणातले नुकसान किंवा इजा काय ते ठरवा आणि रक्कम त्याच्याशी जुळवा. त्या कसोटीला ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी’ हे वाक्य उतरत नाही. कोणाचा त्रास, कसला, किती दिवसांचा, याचे एकही वाक्य आधी नसते. मोबाइल बंद पडल्याने अंगाला काय त्रास झाला, असे कोणी विचारत नाही, कारण तो शब्द अर्थासाठी आलेलाच नसतो. सवयीने येतो. निकाल लिहिणाऱ्यांवर कामाचा ढीग असतो हे मान्य. तरी पंचनाम्याला जिथे चार परिच्छेद मिळतात, तिथे माणसाला चार ओळी मिळायला हरकत नसावी.

आणि भाषेची गरिबी म्हणावी तर तसेही नाही. इंग्रजी कायदा ‘धक्का’ या एका कल्पनेभोवती फिरला. झटक्यात बसणारा, डोळ्यांदेखत. आपल्याकडे धक्का बसतो, धसका घेतला जातो, घोर लागतो, जीव टांगणीला लागतो, माणूस हाय खातो. हे समानार्थी शब्द नव्हेत. धक्का क्षणाचा. घोर दिवसांचा, आणि तो उत्तर आले की संपतो. धसका उत्तर आल्यावरही राहतो. हाय खाल्लेला माणूस बहुधा उठत नाही. बोलीने कारण, मुदत आणि परिणाम असे तिन्ही वेगळे करून ठेवले आहे. न्यायालयापुढे साक्ष देणारी बाई हेच शब्द वापरते. निकालपत्रात येईपर्यंत त्यांचा ‘त्रास’ होतो.

इथे कोणी विचारील, मग प्रत्येक घोराचे पैसे द्यायचे का? प्रश्न खरा आहे. आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाही. प्रत्येक चुकलेल्या शब्दावर दावा लागू लागला, तर जो टिकला आहे तोही जाईल. डॉक्टरने शंका बोलून दाखवली आणि ती खोटी निघाली, हा निष्काळजीपणा नव्हे; ते त्याचे कामच आहे. मला सीमा आखायची आहे ती फार आतली. जीवन-मरणाचा निरोप पोचवणे हेच ज्याचे काम, त्याने निरोप चुकीच्या दारी टाकला, तर मनस्ताप हेच मुख्य नुकसान मानावे. ही कल्पना नवी नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८१ मध्येच, आईच्या मृत्यूची तार उशिरा पोचवणाऱ्या कंपनीविरुद्ध, नुसत्या मानसिक दुःखाची भरपाई मान्य केली. न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली निकाल झालेले प्रकरण तर आमच्या घरचेच वाटावे. सरकारी रुग्णालयाने एका बाईला आई गेल्याचे कळवले. मेलेली होती ती त्याच नावाची दुसरी रुग्ण. शव पाहिल्यावर मुलीला ते कळले. तिच्या अंगाला काही झाले नव्हते, तरी न्यायालयाने भरपाई मान्य केली. मरणाची खोटी बातमी दिली तर मन मोडणारच, आणि ते दाव्यासाठी रचलेले असण्याची शक्यता कमी, हे साधे कारण.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याने सरकारला जबाबदारीतून मोकळे केले. तार कर्मचाऱ्याला मात्र त्याने निष्काळजीपणा केला असेल तर नाही. तार आली म्हणजे कोणी तरी गेले, असे समजणाऱ्या पिढीत मी वाढले. तार उघडण्याआधीच बायका रडायला लागत. २०१३ मध्ये तार बंद झाली. तिची जागा तपासणीच्या कागदाने घेतली आहे, आणि तो कागद तारेइतकाच चुकीच्या घरी जाऊ शकतो.

आमच्या दाव्याचे काय झाले ते सांगते. केंद्राने तपासणीचे अठराशे रुपये परत पाठवले, सोबत एक छापील चिठ्ठी. वकिलांनी नोटिशीचा मसुदा तयार केला. चौदा परिच्छेदांपैकी सहा गायीचे होते: वय, वेत, दूध, त्या आठवड्याचे बाजारभाव, विक्रीची पावती. आत्याबाईंविषयी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती, आणि ती कोणती हे वाचकांनी ओळखले असेल. मी वकिलांना म्हणाले, अकरा दिवसांचे थोडे सविस्तर लिहू या का? ते म्हणाले, लिहा तुम्ही, पण टिकेल ते गायीचंच.

मी तो मसुदा घरी आणून आत्याबाईंना वाचून दाखवायला बसले. दुसरा कागद आल्यापासून त्यांना एक खोड लागली होती. वाचता येणारे कोणीही घरी आले, शाळेतले पोर असो की पोस्टमन, की त्या पेटीतून तो कागद काढून पुढे करायच्या आणि वरचे नाव वाचायला लावायच्या. “ह्यो तरी माझाच कशावरनं?” गोळ्यांनी पोट बरे झाले होते, वजन भरले होते, तरी.

मसुद्याचेही त्यांनी आधी नावच वाचायला सांगितले. मी वाचले. टंकलेखनात नवऱ्याचे नाव चुकले होते. आमच्या सासऱ्यांचे यशवंत, तिथे जयवंत पडले होते. मी म्हणाले, आत्याबाई, एवढं दुरुस्त करून आणते. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि मला परत दिला.

“बघ,” म्हणाल्या, “ह्ये बी दुसरीचंच हाय.”

अंगठा त्यांनी उठवला नाही.